चौरस मीटरमागे किती किलो?

विजेच्या तारेवरची चिमणी उडते तेव्हा तिला पळावं लागत नाही. पाय झटकले, पंख फडफडले की ती हवेत असते. ठाणे खाडीच्या उथळ पाण्यात चरणारा रोहित पक्षी, म्हणजे आपला फ्लेमिंगो, मात्र उडण्याआधी धावतो. लांब पाय पाण्यावर आपटत, पंख मारत काही पावलं पळाल्याशिवाय त्याचं अंग वर उचललं जात नाही. तिथून जवळच मुंबई विमानतळावर पूर्ण भरलेलं एअरबस ए-३२० विमान दीड-दोन किलोमीटर धावून मगच जमीन सोडतं.

हा फरक कशामुळे? ‘जो जड, त्याला जास्त पळावं लागतं’ हे पहिलं उत्तर सुचतं. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही. तळ्यावरचं रानबदक जेमतेम सव्वा किलोचं असतं, तरी ते ताशी साठ किलोमीटर किंवा त्याहून वेगाने उडतं आणि फार हळू उडणं त्याला जमत नाही. उलट १२ जून १९७९ रोजी ब्रायन अ‍ॅलन हा अमेरिकन तरुण ‘गॉसमर अल्बट्रॉस’ नावाच्या विमानात बसून, नुसते पायडल मारत इंग्लिश खाडी ओलांडून गेला. विमान आणि माणूस मिळून वजन शंभर किलोच्या आसपास होतं, आणि वेग सायकलचा. म्हणजे बदकाच्या कितीतरी पट जड असलेली वस्तू बदकापेक्षा कितीतरी हळू उडाली. एकटं वजन उत्तर देत नाही, ते असं. वजन किती पंखावर टाकलं आहे, हे पाहावं लागतं.

वजन भागिले पंख

भाताच्या खाचरात लावणीच्या दिवसांत उतरलेल्या माणसाचे पाय पोटरीपर्यंत चिखलात जातात. त्याच चिखलावर रुंद फळी टाकून तो उभा राहिला, तर फळी थोडीशीच रुतते. माणूस तोच, चिखल तोच. चिखलाच्या प्रत्येक वितीवर येणारा भार तेवढा कमी झाला. पंखाचं गणित इथूनच सुरू होतं. विमानाचं एकूण वजन घ्यायचं, त्याला पंखांच्या क्षेत्रफळाने भागायचं. जो आकडा येतो त्याला विमानशास्त्रात विंग लोडिंग म्हणतात. आपण त्याला पंखभार म्हणू. पंखाच्या एका चौरस मीटरला किती किलो पेलायचे आहेत, एवढंच तो सांगतो.

उदाहरण घेऊ. उड्डाण शिकवणाऱ्या बहुतेक संस्थांमध्ये दिसणारं छोटं सेस्ना १७२ विमान पूर्ण भरल्यावर १,१११ किलोचं होतं आणि त्याचे पंख १६.२ चौरस मीटरचे आहेत. भागाकार केला की ६९ येतात. एअरबस ए-३२० चं कमाल वजन ७८ टन, पंख १२२.६ चौरस मीटर. तिचा पंखभार ६३६. सेस्नाच्या नऊपटीहून थोडा जास्तच.

फळीची उपमा इथपर्यंतच चालते. चिखलावर फळी नुसती ठेवली तरी ती भार पेलते. हवेत पंख नुसता ठेवला तर खाली पडेल. त्याला पुढे जावं लागतं, आणि किती वेगाने जावं लागतं हे पंखभार ठरवतो.

वेग दुप्पट, लिफ्ट चौपट

पंख विमानाला वर कसा धरतो? तो हवा खाली ढकलतो. पंख थोडा तिरका बसवलेला असतो आणि वरून फुगीर असतो. समोरून येणारी हवा त्याच्या वरून आणि खालून जाताना खालच्या दिशेला वळते. पंखाने हवेला खाली ढकललं, तर हवा पंखाला तेवढ्याच जोराने वर ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम, आणि या वर ढकलणाऱ्या बलाला लिफ्ट म्हणतात.

अनेक पुस्तकांत अजूनही असं लिहिलेलं सापडतं की पंखावरच्या हवेला लांबचा रस्ता कापून खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोचायचं असतं, म्हणून ती वेगाने धावते. हे चूक आहे. वरची हवा वेगाने जाते हे खरं, त्यामुळे वरचा दाब कमी होतो हेही खरं. पण दोन्ही प्रवाहांनी एकाच वेळी पोचावं असा कोणताही नियम निसर्गात नाही. धुराच्या रेषा सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचलेली दिसते. मुलांना हे चुकीचं कारण शिकवणं आता थांबायला हवं. हवा खाली वळते, म्हणून पंख वर ढकलला जातो, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

आता वेग दुप्पट करू. एका सेकंदात पंखाच्या वाटेत दुप्पट हवा येते. शिवाय त्यातली प्रत्येक झुळूक पंखावर दुप्पट वेगाने आदळते, म्हणून तीही दुप्पट वेगाने खाली फेकली जाते. दुप्पट हवा, दुप्पट वेगाने: लिफ्ट चौपट. वेग तिप्पट केला तर नऊपट.

हेच उलटं वाचलं की पंखभाराचा मुख्य नियम हातात येतो. पंखभार चौपट असेल तर वेग दुप्पट लागतो. नऊपट असेल तर तिप्पट. सेस्ना साधारण ताशी १०० किलोमीटरला धावपट्टी सोडते. एअरबसचा पंखभार नऊपट, म्हणून तिला ३०० च्या आसपास वेग लागायला हवा. प्रत्यक्षात तिला २५० ते २८० लागतो. तो थोडा कमी का, हे पुढे खिडकीशेजारच्या सीटवर बसल्यावर कळेल.

पंख आणखी तिरका करून लिफ्ट वाढवता येते, मग वेग कशाला हवा, असा प्रश्न इथे येतो. तिरकेपण वाढवता येतं, पण एका मर्यादेपर्यंत. साधारण पंधरा अंशांच्या आसपास पंखाच्या वरची हवा पृष्ठभाग सोडून विस्कटते आणि लिफ्ट एकदम कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. म्हणून प्रत्येक विमानाला एक किमान वेग असतो. त्याखाली गेलं की पंख कितीही तिरका केला तरी वजन पेलत नाही. हा किमान वेग मुख्यतः पंखभारावर अवलंबून असतो.

आणि धावपट्टी? वेग वाढवायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेगाचा वर्ग म्हणजे पुन्हा पंखभारच. इंजिनाचा जोर वजनाच्या मानाने सारखा असेल, तर नऊपट पंखभाराला नऊपट लांब धावपट्टी लागते.

चौकट: कोणाचा पंखभार किती?
(किलो दर चौरस मीटर; आकडे ढोबळ, विमानांचे भरलेल्या वजनाचे)
गॉसमर अल्बट्रॉस: २
चिमणी: ३
पॅराग्लायडर: ४
राइट बंधूंचं १९०३ चं फ्लायर: ७
भटका अल्बट्रॉस (समुद्रपक्षी): १४
सेस्ना १७२: ६९
तेजस: २५५
मिग-२१: ३८०
एअरबस ए-३२०: ६३६
बोइंग ७४७-४००: ७५०

मोठ्यांचा पंखभार मोठाच का?

काही अपवाद सोडले तर चौकटीत खाली जाऊ तसे आकार वाढतात आणि त्यांच्याबरोबर पंखभारही वाढतो. याला भूमितीचं कारण आहे. चिमणीची लांबी, रुंदी, उंची सगळं दहापट केलं, तर पंखांचं क्षेत्रफळ शंभरपट होईल, पण अंगाचं आकारमान आणि म्हणून वजन हजारपट होईल. तीस ग्रॅमची चिमणी तीस किलोची होईल आणि तिचा पंखभार तीनवरून तीसवर जाईल. तिला उडायला तिप्पटीहून जास्त वेग लागेल, आणि वेगाबरोबर दर किलोमागे लागणारी ताकदही वाढेल. स्नायूंची ताकद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तीस किलोची चिमणी उडणार नाही.

आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांचं वजन पंधरा-वीस किलोंच्या आसपास येऊन थांबतं ते यामुळे. आपला माळढोक या सीमेजवळचा पक्षी. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोंपर्यंत जातो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर एकेकाळी तो सहज दिसे. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ उरलेला नाही. राजस्थानात जे थोडे उरले आहेत त्यांचा मोठा शत्रू म्हणजे उच्चदाबाच्या विजेच्या तारा. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, आणि दिसल्यावर वेळ उरलेला नसतो. जड अंग, मोठा पंखभार, त्यामुळे वेग जास्त आणि वळण मंद. घार ज्या तारेला शेवटच्या क्षणी वळसा घालून जाते, तिच्यावर माळढोक आदळतो. तारा जमिनीखालून न्या, निदान त्यांवर ठळक खुणा लावा, ही पक्षितज्ज्ञांची मागणी किती रास्त आहे, हे नुसत्या पंखभारावरूनही समजतं.

नागपूरचा मे, लेहची सकाळ

आतापर्यंत हवा सगळीकडे सारखी धरली. ती तशी नसते. तापलेली हवा प्रसरण पावते, विरळ होते. दाब तोच असताना १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा नऊ टक्क्यांहून अधिक विरळ असते. मे महिन्यात दुपारी नागपूरहून निघणाऱ्या विमानाच्या पंखाला तेवढी कमी हवा ढकलायला मिळते, त्यामुळे त्याला अधिक वेग आणि अधिक धावपट्टी लागते.

लेहला हा परिणाम फार मोठा होतो. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे आणि हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के. तेच विमान, तेवढंच भरून तिथून उडवायचं तर साधारण १८ टक्के जास्त वेग लागतो, आणि नुसत्या त्या वेगापायीच धावपट्टी चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त खर्ची पडते. त्यात विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटतो. पंख मोठा करता येत नाही, हवा दाट करता येत नाही. वैमानिकाच्या हातात भागाकारातली एकच संख्या उरते, ती म्हणजे वजन. म्हणून लेहहून निघताना विमानात प्रवासी, सामान किंवा इंधन कमी घ्यावं लागतं, आणि उड्डाणं सहसा सकाळच्या थंड हवेत होतात. दुपारी ऊन चढतं आणि डोंगरातले वारेही सुटतात.

ओझरची दोन विमानं

पंखभार कमी असणं एवढं सोयीचं असेल तर सगळ्यांनीच मोठे पंख का लावू नयेत? याचं उत्तर शोधायला नाशिकजवळच्या ओझरला जाऊ. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग-२१ बांधली गेली. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. त्यानंतर महिनाही उलटायच्या आत ओझरलाच तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं.

दोन्ही एका इंजिनाची, दोन्हींचं भरलेलं वजन नऊ-दहा टनांच्या आसपास. पंख मात्र फार वेगळे. मिगचे २३ चौरस मीटरचे, तेजसचे ३८.४ चौरस मीटरचे.

मिग-२१ ज्या कामासाठी रेखाटलं गेलं ते काम होतं शत्रूचं बॉम्बफेकी विमान दिसताच सरळ वर झेपावून, आवाजाच्या दुप्पट वेगाने त्याला गाठण्याचं. इतक्या वेगात लिफ्टची चणचण नसते; छोटासा पंखही वजन पेलतो. तिथे मोठा पंख म्हणजे हवा अडवणारं ओझं. म्हणून पंख लहान, पातळ, तीक्ष्ण. त्याची किंमत उतरताना मोजावी लागे. धावपट्टीकडे येताना मिगला ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेग राखावा लागे. नवशिक्या वैमानिकाला त्या वेगात चूक सुधारायला सेकंदही मिळत नाही. मिगच्या अपघातांना अनेक कारणं होती आणि सगळी या एका आकड्यावर ढकलणं अन्यायाचं ठरेल. पण हे विमान हाताळायला कठीण का होतं, हे समजायला ३८० हा आकडा मदत करतो. तो सांभाळत सहा दशकं ज्यांनी हे विमान उडवलं, त्यांच्या कौशल्याबद्दल मला फार आदर वाटतो.

तेजसकडून अपेक्षा वेगळी होती. तिला सरळ धावण्यापेक्षा वळता येणं, उंच तळांवरूनही शस्त्रं घेऊन उडता येणं महत्त्वाचं. वळणात पंखाचं काम वाढतं. विमान साठ अंश कलून समपातळीत वळतं तेव्हा वैमानिकासकट सगळ्यांचं वजन दुप्पट झाल्यासारखं होतं, पंखाला दुप्पट लिफ्ट द्यावी लागते आणि किमान वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. ज्याचा पंखभार मुळात कमी, त्याच्याकडे अशा वेळी शिल्लक जास्त असते. इतर सगळं सारखं धरलं तर वळणाचा लहानात लहान घेर पंखभाराच्याच प्रमाणात असतो. प्रत्यक्षात सगळं सारखं नसतं: तेजसच्या त्रिकोणी पंखाचा प्रत्येक चौरस मीटर कमी तिरकेपणात तुलनेने थोडी कमी लिफ्ट देतो, इंजिनाचा जोरही मोजावा लागतो. म्हणून नुसत्या पंखभारावरून दोन लढाऊ विमानांची स्पर्धा ठरवू नये. पण ३८० आणि २५५ यांतलं अंतर रेखाटणाऱ्यांनी ठरवून राखलं आहे.

मोठ्या पंखभाराचा आणखी एक फायदा आहे. अचानक वाऱ्याचा झोत खालून आला तर प्रत्येक चौरस मीटरवर थोडी जादा लिफ्ट येते. जिथे त्या चौरस मीटरवर ६९ किलोच आहेत, तिथे विमान उडी मारल्यासारखं वर फेकलं जातं. जिथे साडेचारशे आहेत, तिथे हादरा खूप कमी बसतो. हवाई दलाचं जग्वार जमिनीलगत, झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने जाण्यासाठी बनवलं आहे. तळाची हवा सतत उसळत असते. तिथे मोठा पंख घेऊन गेलं तर वैमानिकाला नकाशाही नीट वाचता येणार नाही. जग्वारला लहान, जास्त भाराचा पंख दिला आहे तो यासाठी.

खिडकीजवळची सीट

प्रवासी विमानाला दोन्ही हवं असतं. वर वेगात जाताना लहान पंख, खाली हळू येताना मोठा. पंखाशेजारच्या खिडकीत बसलात तर ही युक्ती प्रत्यक्ष दिसते. विमान उतरायला लागलं की घरघर असा आवाज येतो आणि पंखाच्या मागच्या कडेतून फळ्या बाहेर सरकून खाली झुकतात. यांना फ्लॅप म्हणतात. त्या बाहेर आल्याने पंखाचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे पंखभार उतरतो. खाली झुकल्याने पंखाचा बाक वाढतो, त्यामुळे तो हवेला जास्त खाली वळवतो. पुढच्या कडेच्या पट्ट्याही सरकतात आणि हवेला पंखाला चिकटून राहायला मदत करतात. उड्डाणाच्या वेळी हेच फ्लॅप थोडे उघडलेले असतात, म्हणून एअरबसला आपण काढलेल्या ३०० पेक्षा कमी वेग पुरतो. शिवाय लांबच्या प्रवासात काही टन इंधन जळून गेलेलं असतं. उतरताना वजन ६५ टन असेल तर पंखभार ६३६ वरून ५३० वर आलेला असतो.

पायडल आणि पाणी

गॉसमर अल्बट्रॉसचा आकडा दोन का, हे आता कळतं. माणूस पायांनी सलग देऊ शकतो ती ताकद दोन-तीनशे वॅट, मिक्सरला लागते त्याहून कमी. एवढ्यात उडायचं तर वेग अगदी कमी हवा, आणि वेग कमी हवा तर पंखभार कमी हवा. म्हणून हे विमान रेखाटणाऱ्या पॉल मॅक्रीडी यांनी जवळपास तीस मीटर लांबीचा पंख केला. कार्बन-तंतूंच्या नळ्या, फोम आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वापरून त्यांनी विमानाचं वजन बत्तीस किलोंवर राखलं. असं विमान वाऱ्याला फार हळवं असतं. अ‍ॅलन निघाले तेव्हा समुद्र शांत होता, पण वाटेत समोरून वारा सुटला. ज्याचा स्वतःचाच वेग सायकलचा, त्याचा वाऱ्यात निम्मा वेग जातो. छत्तीस किलोमीटरच्या आतलं ते अंतर कापायला दोन तास एकोणपन्नास मिनिटं लागली.

कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. चार किलोच्या पंखभाराचं छत्र ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने जातं. वारा तेवढाच असेल तर माणूस जागच्या जागी लटकतो. त्यामुळे छत्र घेताना स्वतःचं वजन सांगावं लागतं. एकच छत्र लहान, मध्यम, मोठ्या मापांत मिळतं. हलक्या माणसाने मोठं छत्र घेतलं तर ते खाली यायला तयार नसतं आणि वाऱ्यात सुकाणू लागत नाही.

याच्या उलट टोकाला स्पर्धेतले ग्लायडर आहेत. हडपसरच्या केंद्रामुळे ग्लायडर पुणेकरांच्या ओळखीचे: इंजिन नाही, वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगायचं. त्यांना हलकं असणं फायद्याचं असं कुणालाही वाटेल. तरीही स्पर्धक उड्डाणाआधी पंखांतल्या टाक्यांत शंभर-दीडशे लिटर पाणी भरतात. वजन वाढल्याने ग्लायडरची घसरण तीव्र होत नाही. एक किलोमीटर खाली येताना तो पूर्वीइतकंच पुढे जातो, फक्त जास्त वेगाने. पंखभार ३३ वरून ५० वर नेला की वेग सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, आणि स्पर्धा वेळेची असते. गरम हवेचे झोत जोरदार असतील तोवर हा सौदा परवडतो. दुपार कलली, झोत मंदावले की जड ग्लायडरला वर चढायला जमत नाही. मग वैमानिक पाण्याची झडप उघडतो, आणि उतरण्याआधी तर ती उघडावीच लागते.